दांडिया बाजारातला दर्या

आमच्या दांडिया बाजारच्या घरात माजघराच्या भिंतीवर एक समुद्र टांगलेला होता. आता वडोदऱ्यात राहणाऱ्यांचा समुद्राशी संबंध तो काय? विश्वामित्रीला पूर आला की पाणी बघायला जायचं, आणि कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा बघायचा. बाकी दर्या म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात. पण आमच्या घरात तो होता, दीड हात रुंद, काचेच्या आत, काळपट लाकडी चौकटीत. वर मोठं थोरलं आभाळ, खाली पट्टीएवढं पाणी, डाव्या बाजूला एक होडी आणि तिचं तिरकं शीड. सही नव्हती. घरात त्याला कुणी चित्र म्हणत नसे. "दर्याखाली पाट मांड," "दर्यामागे पाल गेली बघ," असंच बोलणं चाले.

तात्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तो १९४८ साली आणला. तात्या गायकवाडीत बांधकाम खात्यात कारकून होते. कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्या बंगल्यातल्या सामानाची हराजी झाली. (आमच्याकडे लिलावाला हराजीच म्हणतात, पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.) लोकांनी खुर्च्या घेतल्या, कपाटं घेतली, एकाने चिनी मातीचं न्हाणीघरातलं भांडं घेतलं. तात्या हे चित्र घेऊन घरी आले. पणजीने कपाळावर हात मारला म्हणतात.

पण त्याला कारण होतं. आजी मालवणची. लग्न होऊन ती मालवणहून आगबोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने वडोदऱ्याला आली, तेव्हा तेरा वर्षांची होती. माहेरी जायचं तर पुन्हा तीच वाट, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. एकामागून एक मुलं झाली, माहेरपण लांबत गेलं. दर्याचा आवाज येत नाही म्हणून सुरुवातीला झोप लागत नसे, असं ती सांगायची. तात्या बोलके नव्हते. बायकोला आवडेल म्हणून आणलं, असं त्या काळचा माणूस तोंडाने थोडंच म्हणणार! "स्वस्तात मिळालं" एवढंच म्हणाले. आजीने पदराने चौकट पुसली, चित्राकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "ह्यो आमचोच दर्या."

तात्या हसले. साहेबाच्या घरातलं चित्र, खाली पेन्सिलीने इंग्रजीत काही लिहिलेलं, ते मालवणचं कुठून असणार? त्यांनी ते वाचून दाखवलं: दुपारचे ४, वारा वायव्येचा. बस्स, एवढंच. गाव नाही, साल नाही.

तात्यांना चित्रांची नजर होती, ती कुठून आली हेही सांगतो. सयाजीराव महाराजांनी म्युझियमशेजारी चित्रशाळा बांधायला घेतली १९०८ मध्ये. इमारत १९१४ला झाली, पण नेमकं महायुद्ध पेटलं. महाराजांसाठी विलायतेत मॅरियन स्पीलमन नावाचे कलासमीक्षक चित्रं निवडत होते, ती युद्धामुळे तिकडेच अडकली. अखेर १९२१मध्ये चित्रशाळा लोकांसाठी उघडली. तेव्हा तात्या विशीत होते. रविवारी ते तिथे जाऊन उभे राहत. युरोपातल्या जुन्या उस्तादांची चित्रं एका कारकुनाला फुकट बघायला मिळत होती, असं शहर तेव्हा हिंदुस्थानात दुसरं किती होतं? आमच्या पिढीला या गोष्टीचं मोल कळलं नाही. आम्ही म्युझियममध्ये ममी आणि देवमासा बघायला जायचो.

आता माझा पराक्रम.

१९६७ची दिवाळी. मी अकरा वर्षांचा. साफसफाईत भिंतीवरच्या तसबिरी उतरवून पुसायचं काम माझ्याकडे. दर्याच्या काचेला आतून पांढरट बुरा आला होता. बाहेरून कितीही पुसलं तरी जाईना. मी चौकटीच्या मागचे खिळे पकडीने काढले, काच सोडवली, लख्ख केली. मग चित्राकडे बघितलं तर तेही धुरकट वाटलं. हातात कोरडं फडकं होतं. खालून सुरुवात केली. दोन-तीन हात मारले असतील, तोच आई ओरडली. फडकं निळं झालं होतं. बोटं निळी, करडी. होडी गेली, लाटा गेल्या. वरचं आभाळ मात्र वाचलं, माझा हात तिथवर पोचला नव्हता म्हणून.

तात्या तेव्हा हयात नव्हते. आजी आली. मला वाटलं आता पाठीत धपाटा. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "रवांदे रे बाबू. धुक्यात गेलो दर्या." आणि फराळाचं बघायला निघून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, हे मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

चित्र परत काच लावून टांगलं. मी मात्र त्या भिंतीकडे बघायचं टाळू लागलो.

पुढे युनिव्हर्सिटीत कॉमर्सला असताना, १९७६ साली, एका मित्राच्या ओळखीने फाइन आर्ट्सच्या एका सरांना ते चित्र दाखवायला नेलं. सरांनी काचेवरूनच बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कुणी पुसलं?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "अरे, हे पेस्टल. हा रंग कागदात मुरत नाही, कागदावर बसलेला असतो. तू रांगोळी पुसलीस."

रांगोळी! आम्हा वडोदऱ्याच्या माणसांना याहून सोपं करून कोण सांगणार? आमच्याकडे दिवाळीत माणसांचे हुबेहूब चेहरे रांगोळीने काढतात, आणि त्यावरून मांजर गेलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पेस्टल म्हणजे तीच रांगोळी, उभ्या कागदावर. रंगाची पूड, त्यात पांढरी खडूची माती, आणि कांडी वळता येईल इतपतच डिंक. डिंक जास्त झाला की कांडी कडक होते, रंग उतरत नाही. कमी झाला की हातातच चुरा. तेलरंगात तेल असतं, ते वाळून रंगाला धरून ठेवतं, वर्षांनी पिवळंही पडतं. पेस्टलमध्ये धरून ठेवणारं जवळजवळ काहीच नाही, म्हणून तो अडीचशे वर्षांनीही काल काढल्यासारखा ताजा दिसतो. आणि म्हणूनच एका फडक्यात जातो.

इथे एक खुलासा. पेस्टल म्हटलं की आपल्याला शाळेतले तेलकट खडू आठवतात. ते वेगळे. ते जपानच्या साकुरा कंपनीने १९२५मध्ये काढले. जुन्या बाजारात कुणी तुम्हाला "शंभर-सव्वाशे वर्षांचं पेस्टल" म्हणून मेणचट, चकचकीत रंगाचं चित्र दाखवलं, तर नमस्कार करून पुढे जा. मी गेलो नाही, घेतलं. त्याची गोष्ट पुढे येतेच.

सरांनी दुसरीही एक गोष्ट केली आणि तिने माझी पुढची तीस-पस्तीस वर्षं खाल्ली. त्यांनी खालची पेन्सिलची ओळ वाचली, दुपारचे ४, वारा वायव्येचा, आणि सहज म्हणाले, "बूदाँ असं लिहायचा."

बूदाँ कोण? लायब्ररीत जाऊन शोधलं. यूजीन बूदाँ, जन्म १८२४, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर सेन नदीच्या मुखाशी ऑनफ्लर नावाचं बंदर आहे तिथला. बाप दर्यावर्दी. पोरगा लहानपणी बापाबरोबर बोटीवर काम करायचा. पुढे पलीकडच्या ल हाव्र शहरात त्याने भागीदारीत कागद-पेन्सिली आणि चौकटींचं दुकान टाकलं, १८४४ साली. गावात येणारे चित्रकार तिथून सामान घ्यायचे, चित्रं चौकटीत बसवून न्यायचे, कधी दुकानात लावायचे. मिलेसारखे मोठे लोक त्यात होते. दुकानदारालाच चित्रांचा नाद लागला. दोनेक वर्षांत धंदा सोडून तो चित्रकार झाला. आता विचार करा, आपल्या रावपुऱ्यातल्या एखाद्या फ्रेमवाल्याने गल्ला बंद करून घरी सांगितलं की उद्यापासून मी आभाळाची चित्रं काढणार, तर घरचे काय म्हणतील!

आणि खरंच तो आभाळंच काढायचा. किनाऱ्यावर उभं राहून, छोट्या कागदावर, भराभर. ढग काही थांबत नाहीत. तेलरंग कालवत बसलात तर ढग पालटून जातो. पेस्टलची कांडी मात्र हातात घेतली की रंग तयारच. समुद्र आणि पेस्टल यांचं जमलं ते या वेगामुळे. त्याच्या आधी शंभर वर्षं पेस्टल म्हणजे चेहऱ्यांचं माध्यम होतं. व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा १७२०मध्ये पॅरिसला गेली तेव्हा तिच्याकडून चेहरा काढून घ्यायला बड्या लोकांची रीघ लागली, तिथल्या राजेशाही अकादमीने तिला सभासद करून घेतलं, बाईमाणूस असून, परदेशी असून. गालावरची पावडर आणि कागदावरची पावडर, दोन्ही एकाच जातीची, हे त्या सरदारांना फार आवडलं असणार. फ्रेंच राज्यक्रांतीत ते सरदार गेले, त्यांच्याबरोबर पेस्टलची हौसही ओसरली. पुढच्या शतकात ज्यांनी ती कांडी पुन्हा उचलली, त्यांतले काही जण तिला दिवाणखान्यातून बाहेर काढून वाऱ्यात घेऊन गेले. बूदाँ त्यांतला.

१८५९मध्ये कवी बोदलेअर आपल्या आईकडे ऑनफ्लरला राहायला आला होता. बूदाँने त्याला आपली पेस्टलची अभ्यासचित्रं दाखवली, एकदोन नव्हे, शेकड्यांनी. प्रत्येकाच्या कडेला तारीख, वेळ आणि वारा लिहिलेला. बोदलेअर इतका खूश झाला की त्या वर्षीच्या पॅरिसच्या प्रदर्शनावर लिहिताना, जी चित्रं त्या प्रदर्शनात नव्हतीच, त्यांच्याबद्दल त्याने पानं भरली. त्याचं म्हणणं असं की तो मजकूर हाताने झाकला तरी नुसत्या ढगांवरून ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येतो.

हे वाचलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. लायब्ररीच्या बाकावर मला घाम फुटला. वेळ आणि वारा! आमच्या माजघरात बूदाँ होता, आणि मी तो फडक्याने पुसला!

कुणाला सांगणार? आजीला सांगितलं. ती म्हणाली, "तो कोण? ह्यो मालवणचो दर्या आसा." मी गप्प बसलो. म्हातारीला काय कळतंय, असं मनात म्हटलं, हे आज कबूल करतो. १९८१मध्ये ती गेली.

पुढे बँकेत लागलो, मुंबईला बदली झाली. चोरबाजारात शुक्रवारी-रविवारी फिरायचं व्यसन लागलं. शोध एकच, पेस्टलमधले समुद्र. चाळीस वर्षांत हातात किती आले असतील सांगता येत नाही, घरी आणले अकरा, टिकले सात. बायको म्हणते दोन खोल्यांच्या घरात सात समुद्र. त्यातलं एकही नामवंताचं नाही. बहुतेकांवर सही नाही, एकदोनांवर आहे ती वाचता येत नाही. अशी चित्रं काढणारे लोक म्हणजे सुट्टीवरचे शिक्षक, घरी बसलेल्या बायका, लष्करातले अधिकारी, बोटीवरचे प्रवासी. पण मला तेच जवळचे वाटतात. बूदाँ ही शिखरावरची माणसं. खालचा सगळा डोंगर या बिननावाच्या लोकांचा.

शिकलो ते चुकांतून. पहिलं चित्र १९८८मध्ये घेतलं, सूर्यास्त, दोन जहाजं, अप्रतिम. घरी येऊन भिंगाखाली धरलं तर सगळीकडे ठिपके, एका ओळीत. छापील चित्र! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रंगीत शिळाछापाची अशी चित्रं घरोघर लावण्यासाठी ढिगाने छापत. आपल्याकडे रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या त्याच जातीचा तो धंदा. खऱ्या पेस्टलमध्ये भिंगाखाली कागदाच्या खाचांत अडकलेले पुडीचे कण दिसतात, आणि उंचवट्यांवर रंग जास्त, खळग्यांत कमी. दुसरं ते तेलकट खडूचं, वर सांगितलं. विकणाऱ्याने शपथेवर आजोबांच्या वेळचं सांगितलं. आजोबा त्याचे असतील, काळ नव्हता. तिसरं मात्र अस्सल होतं आणि ते मी स्वतः मारलं. काच फुटेल म्हणून प्रवासात प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी लावून घेतली. प्लॅस्टिक घासलं की त्यात वीज येते, लहानपणी कंगव्याने कागदाचे कपटे उचलायचो तशी. वडोदरा स्टेशनवर उघडून बघितलं तर अर्धा समुद्र कागदावर आणि अर्धा प्लॅस्टिकला.

देगाचं मोठेपण मला या धक्क्यानंतर कळलं. नर्तकींची चित्रं काढणारा देगा. तो बाहेर उन्हात चित्रफळी घेऊन बसणाऱ्यांची टर उडवायचा. पण १८६९च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर असताना त्यानेच पेस्टलमध्ये चाळीसेक निसर्गचित्रं केली. ओस किनारे, वाळू, पाण्याची एक रेघ, वर आभाळ. माणूस जवळपास नाहीच. त्यातली पुष्कळशी आयुष्यभर स्वतःजवळ ठेवली. १९१७मध्ये तो गेला, पुढच्या वर्षी त्याच्या स्टुडिओतल्या कामांचे लिलाव सुरू झाले आणि मग लोकांना कळलं. टिंगल करणाऱ्याने गुपचूप समुद्र काढून कप्प्यात ठेवले होते, हे मला फार माणसासारखं वाटतं.

आणि व्हिसलर. तो १८७९मध्ये व्हेनिसला गेला होता धातूच्या पत्र्यावर कोरून छापायच्या बारा चित्रांचं काम घेऊन. मुदत होती तीन महिन्यांची, राहिला वर्षाहून जास्त, आणि पेस्टलचा गठ्ठा घेऊन परतला. १८८१च्या जानेवारीत लंडनला ती दाखवली, त्रेपन्न. त्याची खुबी अशी की तो तपकिरी कागद घ्यायचा आणि बराचसा तसाच कोरा सोडायचा. भिंत, पाणी, सावली, सगळं तो कागदच. वरून खडूचे मोजके स्पर्श. हे वाचल्यावर मला फाइन आर्ट्सच्या सरांचं आणखी एक वाक्य आठवलं, जे तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. ते म्हणाले होते, "कागद निळसर करडा आहे बघ. त्याने पाण्याला रंग कमीच लावला असणार. तू लाटा पुसल्यास, पाणी राहिलंय."

बूदाँचं खूळ मात्र डोक्यातून जात नव्हतं. निवृत्त झाल्यावर २०१४मध्ये भाच्याकडे लंडनला गेलो तेव्हा हट्टाने ऑनफ्लर गाठलं. जुनं बंदर, भोवती उंच चिंचोळी घरं, लाकडी चर्च, आणि टेकाडावर बूदाँच्या नावाचं संग्रहालय. ते त्याच्याच पुढाकाराने १८६८मध्ये सुरू झालं होतं. पेस्टलच्या खोलीत उजेड मंद, उजेडाने रंग उडतात म्हणून. डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसले ते कागद, तळहातापेक्षा थोडे मोठे. ढग असे की वारा अंगाला लागावा. मी एका चित्रापुढे पाऊण तास उभा होतो, भाचा बाहेर जाऊन कॉफी पिऊन आला.

आणि तिथेच मला कळलं की आमचा दर्या बूदाँचा नाही. सांगायला कुणी तज्ज्ञ लागला नाही. हात वेगळा होता. बूदाँचा ढग आतून फुगतो. आमच्या आभाळातले ढग नीटनेटके, कडा सांभाळून, कुणीतरी धडा गिरवावा तसे. शिवाय बूदाँ टिपणं फ्रेंचमध्ये करणार, आमची ओळ तर सरळ इंग्रजीत, वळणदार अक्षरात. हे शेंबड्या पोरालाही कळावं, पण आपल्याला हवं ते दिसत असतं. मोने हा बूदाँचाच चेला, पोरवयात व्यंगचित्रं विकणाऱ्या त्या मुलाला बूदाँने ओढून समुद्रावर नेलं. तो मोने म्हातारपणी सांगायचा की मी चित्रकार झालो तो बूदाँमुळे. म्हटलं आपणही या यादीत, मी संग्राहक झालो तो बूदाँमुळे, आणि बूदाँ घरात कधी नव्हताच!

परत लंडनला आल्यावर दुसरा उलगडा झाला. वेळ आणि वारा लिहायची सवय काही एकट्या बूदाँची नाही. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल याने १८२१-२२मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या माळावर ढगांची जी अभ्यासचित्रं केली, त्यांच्या पाठीवर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. बूदाँ जन्मायच्या आधी! म्हणजे ही रीत इंग्रजांत होतीच. आणि हिंदुस्थानात येणाऱ्या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांना त्यांच्या शाळेत देखावे काढायला शिकवत, नकाशे आणि किल्ल्यांची टिपणं करायला ते लागायचं. अशा घराण्यांत चित्रकलेची वही ही प्रवासातली नेहमीची वस्तू. मग आमचा चित्रकार असाच कुणी साहेब किंवा मडमबाई असणार. पण कुठला समुद्र?

२०१९मध्ये पुतण्याने घरातले जुने फोटो संगणकावर घेतले. त्यात १९५५ची काकाची मुंज निघाली. बटू, भटजी, तात्या सोवळ्यात, आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीवर आमचा दर्या, मी पुसायच्या बारा वर्षं आधीचा. पुतण्याने तो कोपरा मोठा केला. भुरकट, पण होडी आली. बावन्न वर्षांनी मी ती होडी बघत होतो.

तो फोटो आजीच्या माहेरी मालवणला पाठवला. तिथे वडिलांचे एक मामेभाऊ होते, नव्वदीला आलेले, तरुणपणी गलबतावर गेलेले. त्यांना नातवाने मोबाइलवर दाखवला. त्यांचं म्हणणं फोनवर मी स्वतः ऐकलं. डोलकाठी बघ, म्हणाले, पुढे कललेली आहे. ही आपल्याकडची पद्धत. शीड तिरक्या काठीला, टोक वर. "हो मचवो." मी विचारलं, आणि वारा? दुपारचे चार, वायव्येचा? ते हसायलाच लागले. फाल्गुन-चैत्रात मालवणला दुपारी चार वाजता दुसरा कुठला वारा असणार, म्हणाले. सकाळी मतलई, दुपारनंतर दर्यावरून वायव्येचा. मचवे त्याच वाऱ्यावर परततात.

शाळेत आम्ही खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. मार्कही मिळाले होते. माजघरातल्या चित्रावर ते कधी लावून बघितले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, तिरकी शिडं भूमध्य समुद्रातही असतात, वायव्येचा वारा नॉर्मंडीलाही सुटतो. खरं आहे. मीही तेच म्हणालो असतो. पण पुढे कललेली डोलकाठी, तो वारा, ती वेळ आणि हिंदुस्थानात राहिलेल्या साहेबाचं घर, एवढं सगळं एकत्र आलं की मला तरी दुसरं नाव सुचत नाही. मालवण नसेल, वेंगुर्ला असेल, रत्नागिरी असेल. आजीने तेवढा फरक मान्य केला नसता, पण दर्या तिचाच होता. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तिने. तात्या हसले, मी तर कीव केली.

ते चित्र आता माझ्याकडे आहे, दांडिया बाजारचं घर विकलं तेव्हा वाटणीत मी फक्त तेवढंच मागितलं. दुरुस्त करून घ्या असं दोघातिघांनी सुचवलं. फोटोवरून होडी पुन्हा काढून देतो, असं एक चित्रकार म्हणाला. नको म्हटलं. काच आणि कागद यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी घालून घेतली, म्हणजे काच रंगाला टेकत नाही. मागे आम्लविरहित पुठ्ठा, भिंत आतली, ऊन नाही. पावसाळ्यात कपाटात, आडवं, रंगाची बाजू वर. मुंजीचा तो फोटो मागच्या बाजूला पाकिटात ठेवला आहे.

या ग्रुपवर वडोदऱ्याची, इंदूरची, ग्वाल्हेरची, बेळगावची मंडळी आहेत. संस्थानी नोकऱ्या केलेल्या घरांत, साहेबांच्या हराजीतून आलेल्या अशा तसबिरी अजून असणार. कुणाच्या माळ्यावर, जुन्या कपाटामागे. काच आतून पांढरट दिसली तर उघडू नका, फडकं तर मुळीच लावू नका. काचेवरूनच, तिरप्या उजेडात एक फोटो काढा आणि इथे टाका. खाली पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर तेही. आणि घरात कुणी म्हातारं माणूस त्या चित्राबद्दल काही म्हणत असेल, तर ते आधी लिहून घ्या.

गेल्या दिवाळीला नातीने विचारलं, आजोबा, यात समुद्र कुठे आहे? मी म्हटलं, धुकं पडलंय.

ती म्हणाली, मग होडी आहे का आत?

मी चित्र उलटं केलं आणि तिला पाकीट उघडून दिलं.